शिकार आणि मासेमारी हा घटनेत लिहायचा हक्क आहे का? (फ्लोरिडा, दुरुस्ती क्र. २)

बाबू_टॅम्पा | १४ ऑक्टोबर २०२४

मंडळी नमस्कार. मिल्टन चक्रीवादळ येऊन गेलं, घर शाबूत आहे, वीज काल रात्री आली. फ्रीजमधलं सगळं फेकून द्यावं लागलं, पण फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली लावलेली मतपत्रिका जशीच्या तशी राहिली. नागरिकत्व घेतल्यानंतरचं माझं हे पहिलंच अध्यक्षीय मतदान. वरचे गोळे काळे करून झाले (त्यावर इथे चर्चा नको, धागा उडेल). अडलोय ते खाली, राज्यघटनेच्या दुरुस्त्यांपाशी.

एकूण सहा दुरुस्त्या आहेत. गांजा आणि गर्भपात या दोन्हींवरून टीव्हीवर रण पेटलंय, त्यात दोन नंबरची कुणाच्या खिजगणतीत नाही. तिचा मथितार्थ असा: मासेमारी आणि शिकार, पारंपरिक पद्धतींसकट, हा जनतेचा हक्क म्हणून कायम जपला जाईल, आणि मासे व वन्यप्राणी यांचं जबाबदारीने व्यवस्थापन नि नियंत्रण करण्याचं ते पसंतीचं साधन मानलं जाईल. पुढे एक ओळ आहे की राज्याच्या वन्यजीव आयोगाच्या अधिकारांना याने धक्का लागणार नाही.

मी मूळचा आचऱ्याचा. आजोबा खाडीत पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकायचे. इथे मी शनिवारी पहाटे पुलाखाली उभा असतो. मुलेट म्हणजे आपली बोय. थंडी पडायला लागली की गाभोळीने भरलेली मिळते, त्यासाठी पहाटे चारला उठतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने शिशाच्या गोळ्यांची कड दातात धरली, कंबरेतून अर्धा वळला आणि जाळं फेकलं. भाकरीसारखं गोल पडलं. आजोबा अगदी असेच धरायचे. माझ्या गळाला मासा लागलेला, तो कधी सुटून गेला कळलंच नाही.

म्हणजे मी तर डोळे झाकून 'होय' म्हणायला हवं. पण 'पारंपरिक पद्धती' हे दोन शब्द काट्यासारखे अडकलेत. १९९४ साली इथल्याच लोकांनी ७२ टक्के मतांनी गिल नेटवर (माशांचे कल्ले अडकवणारं, पाण्यात उभं सोडायचं जाळं) बंदी आणली, तीही घटनेत लिहून. आम्ही फेकतो ते पाग चालतात, त्यालाही चौदा फुटांची मर्यादा. त्या बंदीनंतर बोय पुन्हा भरपूर झाली असं पुलाखालचे जुने लोक सांगतात. आता गिल नेट लावणारा म्हणेल, माझीही पद्धत पारंपरिकच होती की!

तुम्ही काय मत दिलं असतं?

---

निवांत

पापलेटाला मूलभूत हक्क कधी मिळणार ते सांगा. (पळतो)

---

अळणी

ज्याच्या जिवावर बेततंय तो मतदार यादीत नाही. बाकी चालू द्या. माझं मत 'नाही'. आणि मी फ्लोरिडात राहत नाही हे कुणी सांगायची गरज नाही.

---

शेवभाजी

मला एक कळत नाही. फ्लोरिडात मासेमारीवर बंदी आणा असं कुणी म्हणतंय का? ज्याला कुणी हात लावत नाही त्याच्याभोवती कुंपण कशाला? उद्या 'पोहे खाण्याचा हक्क' घटनेत घालायचा का? (मी पाठिंबा देईन, पण शेंगदाणे हवेत.)

---

कलम_३०२

शेवभाजी, प्रश्न रास्त आहे आणि उत्तर जुनं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

असा हक्क सगळ्यात आधी लिहिला व्हरमाँटने, १७७७ मध्ये. व्हरमाँट तेव्हा अमेरिकेचं राज्यसुद्धा नव्हतं, स्वतंत्र होतं. तिथली वाक्यरचना बघण्यासारखी आहे: योग्य हंगामात, आपल्या जमिनीवर आणि कुंपण नसलेल्या इतरांच्या जमिनीवर शिकारीची मोकळीक. तेव्हाच्या लोकांच्या डोळ्यासमोर इंग्लंड होतं. तिथे रानातलं हरीण राजाचं किंवा जमीनदाराचं, आणि ते मारणारा गरीब माणूस चोर. म्हणजे पहिला हक्क आला तो 'हरीण कुणाचं' या भांडणातून.

त्यानंतर सव्वादोनशे वर्षं जवळजवळ सामसूम. (कॅलिफोर्नियाने १९१० मध्ये सरकारी जमिनीवरून मासे धरण्याचा हक्क लिहिला, पण तो फक्त माशांपुरता.) मग १९९६ मध्ये अलाबामा, १९९८ मध्ये मिनेसोटा, आणि पुढे रांगच लागली. २०१० या एका वर्षात टेनेसी, आर्कान्सा, साउथ कॅरोलिना. २०१५ मध्ये टेक्सास, २०१६ मध्ये इंडियाना आणि कॅन्सस, २०२० मध्ये युटा.

एकाएकी का? कारण नव्वदच्या दशकात उलट बाजूने मतपेट्या वापरल्या जायला लागल्या. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी पहाडी सिंहाची (म्हणजे प्यूमाची) शिकार बंद केली. १९९२ मध्ये कोलोरॅडोने अस्वलाला आमिष लावून किंवा कुत्री सोडून मारण्यावर बंदी घातली, १९९४ मध्ये ओरेगॉनने जवळपास तसंच केलं. ग्रामीण शिकाऱ्याला वाटलं, शहरातले लोक संख्येच्या जोरावर एकेक पद्धत काढून घेणार. म्हणून कुंपण आधीच घातलं. तेव्हा 'कुणी हात लावत नाही' हे अर्धंच खरं आहे.

आता वकिली मुद्दा. या हक्काने कोर्टात फरक किती पडतो? फार नाही. बहुतेक ठिकाणी पुढेच 'कायद्याच्या अधीन राहून' असं शेपूट असतं. परवाना लागतोच, हंगाम पाळावा लागतोच, दुसऱ्याच्या रानात घुसता येत नाहीच. विस्कॉन्सिनची गंमत सांगतो. तिथे एका जातीचं कबुतर, ज्याला ते शोकमग्न पारवा म्हणतात, राज्याचं शांततेचं अधिकृत प्रतीक आहे. त्याच्या शिकारीला परवानगी दिली म्हणून पक्षीप्रेमी कोर्टात गेले. २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिकारीच्या बाजूने निकाल दिला. हक्काची दुरुस्ती आदल्याच वर्षी झाली होती आणि निकालात तिचा उल्लेखही आला, पण मूळ भिस्त विभागाच्या आधीपासूनच्या अधिकारांवरच होती.

फ्लोरिडाच्या साध्या कायद्यात हा हक्क आधीपासून आहे, हे बाबूंना माहीत असेलच.

---

निवांत

शांततेच्या प्रतीकाला गोळ्या घालण्याचा अधिकार. आता बोलायचं काही राहिलं नाही.

---

टेक्सासचा_तात्या

कलम साहेब, दंडवत. पण पैशाचं कुणी बोलतच नाही.

मी इथे अठरा वर्षं आहे, त्यातली दहा वर्षं दर हिवाळ्यात मित्राच्या रानात जातो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो, तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. १९५० पासून मासेमारीच्या सामानावरही १० टक्के. वर परवान्याची फी. गेल्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीचं हरीण कित्येक राज्यांतून नाहीसं झालं होतं, आता लोकांच्या गाड्यांवर आदळतंय. आम्ही मारतो म्हणून ते आहे, हे ऐकायला विचित्र वाटतं पण हिशेब तोच आहे. ज्यांनी वर्गणी दिली त्यांना गणपतीच्या मांडवात खुर्ची नको का?

माझं मत: ठणठणीत 'होय'.

---

शेवभाजी

तात्या, वर्गणीचा दाखला आवडला, पण पिस्तुलांवरही १० टक्के कर आहे ना? ह्यूस्टनमध्ये उशाखाली पिस्तूल ठेवून झोपणारा माणूस रानात कधीच जात नाही, कर मात्र तोही भरतो. मग खुर्ची त्यालाही. आणि नुसतं दुर्बिणीने पक्षी बघणाऱ्यांनी काय घोडं मारलंय?

---

टेक्सासचा_तात्या

दुर्बिणीवर कर लावा म्हटलं की तेच लोक ओरडतात. बघा करून.

---

दहाहजारतळी

मिनेसोटाहून लिहितेय. आमच्याकडे १९९८ पासून घटनेत आहे: शिकार आणि मासेमारी हा आपल्या वारशाचा मोलाचा भाग, तो लोकांसाठी कायम जपला जाईल, आणि कायद्याने लोकहितासाठी त्याचं नियमन होईल. मी तेव्हा इथे नव्हते, पण हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हक्कापेक्षा हा पाहुण्यांच्या खोलीत लावलेल्या तसबिरीचा मजकूर आहे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका शनिवारी हरणाचा हंगाम सुरू होतो. माझ्या ऑफिसात त्या शुक्रवारी दुपारी तीननंतर एक माणूस दिसत नाही. पहिल्या वर्षी मी सोमवारची मीटिंग लावली तर बॉसने काळजीच्या सुरात विचारलं, बरी आहेस ना. पेट्रोल पंपावर सगळे भडक नारिंगी जाकिटात. २०१७ पासून गुलाबीही चालतं, पण मी अजून एकही गुलाबी शिकारी पाहिलेला नाही.

पण एक गोष्ट बाबूंच्या 'पारंपरिक' शब्दाशी जोडलेली आहे. १८३७ च्या तहात इथल्या ओजिब्वे लोकांनी जमीन दिली, पण तिथे शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. मिल लॅक्स तळ्यावर त्यांनी तो वापरायचा म्हटल्यावर केवढा गदारोळ झाला. शेवटी १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार असा त्यांच्या बाजूने कौल दिला. त्यांच्या वसंतातल्या जाळ्यांवर चिडणारे लोकही मला भेटलेत, आणि तेच लोक भिंतीवर 'वारसा' अशी पाटी लावतात.

---

सॅमन_खिचडी

ताईंना +१. सिअॅटलची हीच कथा, जरा जास्त रक्तबंबाळ. १८५४-५५ च्या तहांत मूळ रहिवाशांना त्यांच्या नेहमीच्या जागी, इतर नागरिकांच्या बरोबरीने, मासे धरण्याचा हक्क कबूल केला होता. नंतर राज्य सरकार त्याच लोकांना नदीत जाळं टाकलं म्हणून अटक करायचं. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक यांना पहिली अटक झाली तेव्हा ते १४ वर्षांचे होते. पुढे पन्नासहून अधिक वेळा झाली. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी सांगितलं, 'बरोबरीने' म्हणजे पकडता येण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं.

म्हणजे ज्यांच्याकडे खरंच लेखी हक्क होता त्यांना तो मिळवायला सव्वाशे वर्षं लागली.

---

रापणीचो_झील

बाबू, मेल्या, तू टॅम्पाक बसान बोय मारतंस आणि आमका हयसर बांगडो गावना नाय!

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. मालवणात 'पारंपरिक' हा शब्द शिवी नाही आणि शोभेचाही नाही, तो आमचा पक्ष आहे. पारंपरिक मच्छीमार म्हणजे रापण, पाग, छोटी होडी. समोर पर्ससीनची मोठी जाळी आणि मासे ओढून घेणारे एलईडी दिवे. रापण कधी न पाहिलेल्यांसाठी: होडीतून समुद्रात अर्धवर्तुळ जाळं सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन रांगांनी माणसं ओढायला लागतात. बायका, पोरं, सुट्टीवर आलेला चाकरमानी, कुणीही दोराला लागला की त्याला वाटा. जाळं जवळ आलं की आधी पाणी उकळल्यासारखं दिसतं, मग चांदी दिसते. गेल्या मोसमात आम्ही दोन तास ओढलं आणि निघालं काय? जेलीफिश आणि एक चप्पल. डाव्या पायाची.

पर्ससीनवाला मासळीचा थवा यंत्रावर बघतो, भोवती जाळं फिरवतो, खालून पिशवीचं तोंड आवळावं तसं आवळतो. थवाच्या थवा गेला. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनला महिने आणि हद्द बांधून दिली, २०२१ मध्ये कायद्यात लाखांतले दंड आणले. पण बारा सागरी मैलांच्या पलीकडे राज्याचा हात पोचत नाही, आणि अंधारात कुणाला दिसतंय बारा मैल कुठे संपले ते.

तेव्हा मला फ्लोरिडाची गंमत वाटली. आम्ही 'पारंपरिक' म्हणतो ते मोठ्या जाळ्याला अडवायला. तिथे लोकांना भीती आहे की त्याच शब्दाचा हात धरून मोठं जाळं परत येईल.

---

बाबू_टॅम्पा

झील दादा, हे मला कालपर्यंत शब्दांत मांडता येत नव्हतं. धन्यवाद. आणि डाव्या पायाची चप्पल जपून ठेवा, उजवी इथे खाडीत सापडली तर कळवतो.

---

तूरवाला

सगळं वाचलं. यवतमाळ जिल्हा, सात एकर, तूर आणि हरभरा. आता माझं ऐका.

तात्या पैसे देऊन हरीण मारायला जातात. माझ्याकडे रानडुक्कर फुकटात येतं. एका रात्रीत पंधरा-वीसचा कळप. खातं कमी, नांगरून टाकतं जास्त. रोही (नीलगाय) येते ती वरून शेंडे खुडते, म्हणजे वर-खाली दोन्हीकडून काम. बांधावर जुन्या साड्या बांधल्या. पहिले आठ दिवस घाबरली, नंतर साडीखालून वाकून यायला लागली, जशी काही घरचीच सून. मग कुंपणात वीज सोडणारं झटका मशीन घेतलं, बॅटरी चोरीला गेली. आता मचाणावर जागल. थर्मासमध्ये चहा, हातात टॉर्च आणि पत्र्याचा डबा. चाळीशी ओलांडल्यावर थंडीत रात्रभर डबा वाजवणं हा कोणता हक्क आहे ते कलम साहेबांनी सांगावं.

नुकसानभरपाईचा अर्ज गेल्या साली केला. पंचनाम्याला माणूस आला तोवर मी दुसरं पीक पेरलं होतं. त्याने विचारलं, नुकसान कुठाय?

---

कलम_३०२

तूरवाला दादा, सांगतो, पण आनंद होण्यासारखं नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ९ म्हणजे शिकारबंदी. कलम ११ मध्ये अपवाद: जनावर माणसाला किंवा उभ्या पिकासकट मालमत्तेला धोकादायक झालं तर अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. रानडुकरासाठी अशी परवानगी मागता येते. कलम ६२ खाली केंद्र सरकार काही काळापुरतं, ठरावीक भागापुरतं एखादं जनावर उपद्रवी ठरवू शकतं. बिहारमध्ये तसं केल्यावर २०१६ मध्ये मोकामाला दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या, आणि त्यावरून केंद्रातले दोन मंत्री, प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी, जाहीरपणे भांडले होते.

पण हक्क? एकच ठिकाणी. कलम ६५: निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क या कायद्याने बाधित होत नाहीत. बाकी देशात शिकार ही सवलत आहे, तीही कागदावर सही झाली तर.

---

तूरवाला

परवानगी कागदावर मिळते हो साहेब. पण मारायचं कशानं? पंचक्रोशीत परवान्याची बंदूक एकाकडे, ती ठासणीची, आणि त्या म्हाताऱ्याला रात्री दिसत नाही.

---

निवांत

तात्यांना तिकीट काढून द्या. येताना स्वतःची काडतुसं घेऊन येतील, वर ११ टक्के करही भरतील.

---

टेक्सासचा_तात्या

मी खरंच येईन. मटण कोण करणार?

---

दहाहजारतळी

मटणावरून आठवलं. शेजारी दरवर्षी हरणाचं मांस देतो. चरबी जवळपास नसतेच, आपल्या पद्धतीने रस्सा केला की चामडं होतं. खिमा करून त्यात भरपूर कांदा, ओलं खोबरं आणि थोडं तूप घातलं तर सामोसे उत्तम होतात. मात्र डोक्याचे नमुने दिल्याशिवाय आणि रोगाचा निकाल हाती आल्याशिवाय मी शिजवत नाही. हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग पसरतोय, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणतात.

---

अळणी

शिकारीच्या हक्कापासून सामोशापर्यंत अवघ्या अठरा प्रतिसादांत. धन्य आहे.

---

देखरेख

पाककृती कृपया आहारशास्त्र विभागात. अध्यक्षीय निवडणुकीवरचे दोन प्रतिसाद काढले आहेत.

---

मोहफूल

उशिरा आले, पण एक मुद्दा राहिलाय. गडचिरोलीत काही वर्षं ग्रामसभांसोबत काम केलं. २००६ चा वनहक्क कायदा आपल्याला सगळ्यांना आवडतो, मलाही. त्यात तळ्यातल्या, नदीतल्या माशांवर गावाचा सामूहिक हक्क मान्य केलाय. पण पुढच्याच एका पोटकलमात इतर पारंपरिक हक्क मान्य करताना स्पष्ट लिहिलंय: शिकार, सापळे लावणं, प्राण्याच्या शरीराचा भाग काढणं वगळून. म्हणजे मासा चालेल, ससा नाही.

दावे भरताना हे वाचून दाखवलं की म्हातारी माणसं गप्प बसायची. एकाने विचारलं होतं, आमचा वारसा तुम्ही निवडून घेणार का, पालेभाजीसारखा, हे ठेवा, हे टाका?

मला उत्तर देता आलं नाही. कारण मला स्वतःला ते वगळणं पटतं. जंगलात जे उरलंय ते बघितल्यावर पटतं. आणि तरी फासेपारध्यांचं काय? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ मध्ये तो शिक्का निघाला, वीस वर्षांनी त्यांचा पिढीजात धंदाच गुन्हा झाला. तितर-लाव्यांचे फासे विणायचं कसब होतं, त्याच्या जागी काय दिलं? अमेरिकेतला गोरा शिकारी आपला वारसा घटनेत लिहून घेतो, आमच्याकडच्या शिकाऱ्याला आपली जात सांगतानाही पोलीस आठवतो.

तूरवाला दादा, तुमच्या डुकरावर याने काही उत्तर निघत नाही, माहीत आहे.

---

अळणी

मोहफूल, यावर मी विनोद करणार नाही.

---

शेवभाजी

बाबू, परत तुमच्याकडे. मत टाकलंत की नाही?

---

बाबू_टॅम्पा | २६ ऑक्टोबर

टाकलं. 'नाही'.

कारण सांगतो, थोडं माशांवरूनच. इथे स्नूक नावाचा मासा आहे. जिताड्याचा लांबचा चुलतभाऊ म्हणा, तोंडावळा तसाच. हंगामात माणशी दिवसाला एक, आणि तोही आमच्या किनाऱ्यावर २८ ते ३३ इंचांच्या मधलाच ठेवता येतो. लहान सोडायचा हे कुणालाही समजतं, पण मोठा का? तर जिताड्यासारखाच हाही नर म्हणून जन्मतो आणि मोठा होता होता मादी होतो. ३३ इंचांच्या वरचा मासा म्हणजे बहुतेक अंड्यांची मादी. गेल्या वर्षी मी ३६ इंची धरला होता. हातात धरलेला, बायको पुलावरून फोटो काढत होती, पुलाखालचे चौघं बघत होते. पट्टी लावली आणि सोडला. घरी येऊन डाळ-भात खाल्ला.

तो नियम आयोगाने अभ्यास करून केला आणि मी तो पाळला, त्यात मला माझा हक्क गेल्यासारखं कधी वाटलं नाही. पण घटनेत 'पसंतीचं साधन' म्हणून मारणं आधीच ठरवून ठेवलं, तर उद्या नियम करणाऱ्याच्या हातावर ओझं येईल असं मला वाटतं. २०१५ मध्ये इथे २१ वर्षांनी अस्वलांची शिकार उघडली. आठवडाभर चालायची होती, दोन दिवसांत ३०४ अस्वलं पडली आणि आयोगाला ती थांबवावी लागली. थांबवता आली, कारण हात मोकळे होते.

---

टेक्सासचा_तात्या

पण दुरुस्तीतच लिहिलंय की आयोगाच्या अधिकारांना धक्का नाही! घाबरून मत दिलंत. ३२० ची मर्यादा ठरली होती, ती गाठत आल्यावर थांबवली, म्हणजे व्यवस्था चालली. तुम्ही त्याच उदाहरणाने उलटं सिद्ध करताय.

---

बाबू_टॅम्पा

असेल. वकील म्हणतात फरक पडत नाही, तुम्ही म्हणता धक्का लागत नाही. ज्याने फरकच पडत नाही ते घटनेत का लिहायचं, एवढंच मला कुणी पटवलं नाही.

---

शेवभाजी | ७ नोव्हेंबर

निकाल लागला. दुरुस्ती क्र. २ ला ६७ टक्के. लागणार होते ६०. बाबू हरले, फ्लोरिडा या यादीतलं २४ वं राज्य झालं.

गंमत म्हणजे गांजाला ५६ आणि गर्भपाताला ५७ टक्के मिळूनही दोन्ही पडल्या, त्याच ६० च्या अटीमुळे. आणि ती ६० ची अट २००६ मध्ये ज्या दुरुस्तीने आली तिला मिळाले होते ५८.

---

निवांत

म्हणजे परीक्षकच नापास. आवडलं.

---

कलम_३०२

त्याच दिवशी कोलोरॅडोत पहाडी सिंह आणि बॉबकॅट (एक रानमांजर) यांच्या शिकारीवर बंदी घालायचा प्रस्तावही पडला. तिथे घटनेत शिकारीचा हक्क नाही. कुंपण नसतानाही शिकाऱ्यांचं शेत शाबूत राहिलं.

उलट मेनमध्ये २०२१ ला 'अन्नाचा हक्क' घटनेत आला, त्यात अन्न पिकवण्याचा, मिळवण्याचा उल्लेख आहे, 'शिकार' हा शब्द मात्र नाही. एका जोडप्याने म्हटलं, अन्न मिळवण्यात शिकारही आली, मग रविवारची शिकारबंदी कशी टिकते? यंदा मार्चमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, टिकते. शेवटी तेच, शेपूट वाचा.

---

रापणीचो_झील

बाबू, हरलंस तरी चलात. डिसेंबरात येतंस ना? रापणीक माणूस कमी पडतत. वाटो देतलंव, मत इचारूचव नाय.

---

बाबू_टॅम्पा

येतलंय. २१ तारखेचं विमान.

आज पहाटे पुलाखाली गेलो होतो. दातात कड धरणारा म्हातारा भेटला. विचारलं, दोन नंबरला काय केलंस? म्हणाला, होय म्हटलं, मासेमारीला नाही कोण म्हणेल? मग विचारलं, गिल नेट परत आली तर? त्याने पाग खांद्यावरून खाली ठेवला आणि म्हणाला, असं त्यात लिहिलं होतं?

---

तूरवाला

हरभरा उगवून आलाय, चार-चार पानांवर. काल रात्री दोन वाजता कळप आला होता, डबा वाजवला तर एक डुक्कर थांबून माझ्याकडे बघत राहिलं. ज्यांचं मत झालं असेल त्यांनी झोपा, मी निघतो.